चाकांची हजेरी

सोमवार, ३ फेब्रुवारी

चाकाला शिकवायचं म्हणे!

सत्तावीस वर्षं टायर चढवतोय आणि उतरवतोय. आज सव्वीस वर्षांची एक मुलगी येऊन सांगते – "काका, टायर चढवला की काम संपत नाही. मग चाकाला शिकवावं लागतं." मी विचारलं, कोणत्या इयत्तेत बसवू? बॅलन्सिंगवाला इतका हसला की त्याच्या हातातली शिशाची पट्टी खाली पडली. ती मात्र हसली नाही. हातात टॅब, टॅबवर बोट. मालकांनी तिला मॅनेजर म्हणून आणलंय. दुपारच्या चहापर्यंत आम्ही तिचं बारसं उरकून टाकलं – टॅबबाई.

प्रकार असा आहे. हल्लीच्या गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, अंगठ्याएवढा काळा ठोकळा असतो. सेन्सर. तो आतली हवा मोजतो आणि ड्रायव्हरसमोरच्या दिव्याला कळवतो. हवा उतरली की दिवा लागतो आणि कोणतं चाक तेही चित्रात दाखवतो. पण नवीन टायर चढवताना चाकांच्या जागा बदलल्या तर दिव्याला ते कळत नाही. त्याला नव्याने सांगावं लागतं – हे पुढचं डावं, हे मागचं उजवं. त्यासाठी रिमोटसारखं एक यंत्र आलंय. एकेका व्हॉल्व्हजवळ धरायचं, बटण दाबायचं, ते टुंई करतं. थोडक्यात, चाकांची हजेरी. पुढचं डावं – हजर! मागचं उजवं – हजर, गुरुजी!

आमच्या गावच्या शाळेत चार इयत्ता एका खोलीत होत्या. गुरुजी बाहेरच्या चपला मोजून हजेरी लावायचे. चपला हजर, पोरं ओढ्यावर. हजेरीचं मला कोणी कौतुक सांगू नये.

मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "मेअखेरपर्यंत बघू. एक जरी तक्रार आली, तर यंत्रही परत आणि मॅनेजरही परत." ती तिथेच उभी होती. म्हणाली, "चालेल."

नाकाने कांदे सोलणारी दिसते. चार महिने कितीसे? बघू.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आता प्रत्येक गाडीला कार्ड. चार रकाने – चढवले, तोलले, हवा, शिकवले. एकेक काम झालं की टिक करायची.

मी चारही रकान्यांतून एकच लांब रेघ ओढतो. पहिली तीन कामं केलेली असतात, आणि चोख केलेली असतात. चौथ्याचं मी आणि देव बघून घेऊ.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

टॅबबाईने आज आम्हाला शहाणं केलं. टायर उतरवताना मशीनचं पातं व्हॉल्व्हजवळ आलं की सेन्सर मोडतो. नवीन टायर चढवताना सेन्सरखालची रबरी चकती बदलावी, जुनी ठेवली की तिथूनच हवा झिरपते. आणि नट आवळताना जोर करू नये. एवढं सगळं चित्रं दाखवून.

मी समोरचं चाक घेतलं, मशीनवर चढवलं, डोळे मिटले आणि टायर उतरवून दाखवला. पातं कुठे, व्हॉल्व्ह कुठे, बोटांना कळतं. सेन्सरला ओरखडासुद्धा नाही. चकती बदलली, नट बसवला, टायर परत चढवला. डोळे मिटलेलेच.

बॅलन्सिंगवाल्याने शिट्टी मारली. टॅबबाई म्हणाली, "काका, असं काम मी अजून कुठेच पाहिलेलं नाही." आणि लगेच – "आता तेवढं शिकवून टाका."

कौतुकाच्या शेपटाला विंचवाची नांगी! यंत्र खुंटीवर होतं. ते खुंटीवरच शोभतं.

शनिवार, १ मार्च

महिना झाला. एकाही चाकाला मी काही शिकवलेलं नाही. एकही गाडी परत आलेली नाही. शहाण्याने बोध घ्यावा.

गुरुवार, २० मार्च

जेवताना बायकोला ही रेघेची गंमत सांगितली. वाटलं हसेल. ती म्हणाली, "म्हणजे रोज खोटं लिहिता?"

मी म्हटलं, खोटं कसं? ज्या कामाला अर्थच नाही, ते केलं काय आणि न केलं काय. मी टायरवर बोटाची पेरं आपटतो. आवाजावरून हवा सांगतो – तीस, बत्तीस, अठ्ठावीस. मीटर लावून बघा, एखाद्याचा फरक पडेल. माझ्या कानाला कोणी शिकवलं? देवाने दिला आणि कामाने घासला.

ती म्हणाली, "रस्त्यात गाडी चालू असताना तुम्ही चाकापाशी कान लावून बसता का?"

उत्तर होतं माझ्याकडे, पण तोंडात घास होता.

मग वर आणखी – "तुमच्या आत किती हवा झालीय, ते मोजायचं यंत्र निघालं तर एक घरी आणा."

बाई विनोदी आहे. संसार उगीच नाही टिकला.

शुक्रवार, ११ एप्रिल

आज एका गाडीत दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली. विचारलं तर गाडीवाले साहेब म्हणतात, "सारखा पेटतो हो, डोक्याला ताप." मागचा टायर बघितला तर झिजून आतल्या तारा दिसत होत्या! दिवा बिचारा बोंबलतोय आणि याने त्याचं तोंड बांधलंय. वर दाढी गुळगुळीत, बूट चकचकीत. माणसाला स्वतःचा चेहरा आरशात दिवसातून दोनदा दिसतो, टायर वर्षात एकदा दिसत नाही.

दुसरा याच्या उलट. टायर ठणठणीत, हवा पुरेपूर, पण दिवा लागला म्हणून घाम फुटलेला. "बघा ना, बघा ना, काहीतरी झालंय." खाली वाकून चाकाकडे बघायची तसदी नाही. दिवा म्हणाला तर झालंय, दिवा गप्प तर सगळं कुशल.

संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना विचार आला. देवानेही प्रत्येकाच्या आत असा एक ठोकळा बसवून पाठवलंय. बाहेरून दिसत नाही. हवा उतरली की तो कळवतो. आणि आपण काय करतो? चिकटपट्टी शोधतो. हे त्या गुळगुळीत दाढीवाल्याला ऐकवायला हवं होतं. चांगली वाक्यं गिऱ्हाईक गेल्यावरच सुचतात.

शुक्रवार, २ मे

मेअखेर चार आठवड्यांवर आली. तक्रार एकही नाही. मालक आज टॅबबाईला म्हणाले, "तुमची पद्धत बसली म्हणायची."

तिची पद्धत! गाड्या माझ्या, हात माझे, आणि त्यांच्या जिवावर तिचा जम बसतोय. काम इतकं चोख केलं की आपल्याच हाताने तिला पोसतोय. चांगलं काम करण्याची शिक्षा ती हीच.

मंगळवार, २० मे

टॅबबाई आज रजेवर. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन. दुकान कसं मोकळं वाटलं!

नर्सबाई आल्या होत्या. जुन्या गिऱ्हाईक. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन मलमपट्टी करतात, इंजेक्शनं देतात. दिवसभर गाडी फिरती. पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत झालेले. नवीन जोड चढवला. नवीन टायर नेहमी मागे घालावेत, गाडी वळणावर धरून राहते – म्हणून पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली. चकत्या बदलल्या. हवा भरली. कार्डावर रेघ ओढली.

त्या घड्याळ बघत उभ्या. कोणा म्हाताऱ्याचं इंजेक्शन राहिलं होतं. जाताना म्हणाल्या, "दादा, तो दिव्याचा प्रकार काय असतो हो? मागे एकदा लागला होता."

मी म्हटलं, "त्याच्या नादी लागू नका. टायर माझ्या हातचे आहेत. दिवा काय, काहीही बरळतो."

त्या हसल्या. "मग मला काळजी नाही."

समाधानाचा दिवस.

शनिवार, २४ मे

नर्सबाईंची गाडी ओढून आणली.

मागचं डावं चाक रिमवर आलेलं. टायर मी स्वतः उतरवला. आतून रबराचा भुगा झालाय. एक खिळा, दीड इंची. खिळ्यात माझा काय दोष? नव्या टायरलाही खिळा लागतो. हे मी मनात म्हणत होतो, तोच मालकांनी किल्ली फिरवली आणि दिवा लागला. चित्रात चाक दाखवत होता – पुढचं डावं.

मी पुढच्या डाव्या चाकावर पेरं आपटली. खणखणीत. बत्तीस.

तिथेच मला कळलं. मी चाकांच्या जागा बदलल्या, आणि दिव्याला कोणी सांगितलंच नाही. हवा मागच्या चाकातून जात होती आणि तो बिचारा जुन्या पत्त्यावर हाका मारत होता.

गाडी घेऊन आलेल्या माणसाने हकिगत सांगितली. दिवा लागलेला बघून नर्सबाई पंपावर थांबल्या होत्या. थांबल्या होत्या! हवावाल्याला म्हणाल्या, पुढचं डावं बघ. त्याने मोजली, हवा बरोबर. दिवा विझेना. तो म्हणाला, "दिवाच बिघडलाय." त्या म्हणाल्या, "हो, आमचे टायरवाले दादाही तेच म्हणाले." आणि निघाल्या. पुढे अकरा किलोमीटरवर, पुलाच्या वळणाला, गाडीची मागची बाजू सुटली. गाडी चरात गेली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. जीव वाचला.

मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "उस्ताद, तुम्ही पहिल्या दिवसापासून बरोबर होता. फुटलंय मागचं आणि हा दाखवतोय पुढचं! खुळखुळा आहे नुसता."

टॅबबाई गाडीभोवती एक फेरी मारून आली. दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काका, हिला शिकवलं होतं ना?"

मी म्हटलं, "कार्ड बघा."

तिने कार्ड काढलं. रेघ बघितली. बराच वेळ बघितली. कार्ड जागेवर ठेवलं.

मालक तिला म्हणाले, "एकतीस तारखेपर्यंत या. ठरलं होतं तसं."

रविवार, २५ मे

हात जोडले. देवासमोर काय, कार्ड ठेवू?

मंगळवार, २७ मे

नर्सबाईंना भेटायला गेलो. हात गळ्यात बांधलेला. तीन महिने कोणाला इंजेक्शन देता येणार नाही, म्हणाल्या. एका म्हाताऱ्याच्या पाठीची जखम त्यांच्याशिवाय कोणाला धुवू दिली तर शपथ, आता त्याचं काय होणार – हीच काळजी. स्वतःच्या मनगटाची नाही.

वर मलाच धीर देतात. "दादा, तुम्ही कशाला तोंड पाडता? टायर चांगलेच होते. तुमच्या त्या मॅनेजरबाईंचं यंत्र चुकलं, असा मालकांचा फोन आला होता."

मी चहा प्यायलो. दोन बिस्किटं खाल्ली. "काळजी घ्या" म्हणालो आणि उठून आलो.

बिस्किटं खाल्ली! चिकटपट्टीवाल्याला नावं ठेवत होतो मी. त्याने निदान पट्टी स्वतःच्या गाडीला लावली होती.

बुधवार, २८ मे

बॅलन्सिंगवाला म्हणतो, "सुटलो एकदाचे. आता कार्ड नाही, हजेरी नाही. उस्ताद, पार्टी द्या!"

टॅबबाई तिच्या टेबलावरचं एकेक सामान पिशवीत भरत होती. एक पाण्याची बाटली, एक स्वेटर, डब्याचा चमचा. तिच्या घरचं मला काही माहीत नाही. चार महिन्यांत वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं, एवढंही विचारलेलं नाही. आज विचारलं. "बरंय काका. आता दिसतं." एवढंच.

ती मालकांना सरळ सांगू शकते – उस्तादांनी शिकवलंच नसणार, विचारा त्यांना. का सांगत नाही? गप्प बसून मला सुळावर चढवायचा बेत दिसतो. असल्या चांगुलपणाचा मला राग येतो. चार शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत दिल्या असत्या आणि हिशेब मिटला असता.

घरी बायको म्हणाली, "चार दिवस झाले, भाजीला नावं ठेवली नाहीत. काय झालंय?"

सांगितलं. सगळं.

ती ताट उचलता उचलता थांबली. म्हणाली, "मला काय सांगता? मी काय तुमची मालक आहे?"

शुक्रवार, ३० मे

सांगितलं.

सकाळी शटर वर जायच्या आधी मालकांच्या खोलीत गेलो. उभ्यानेच म्हटलं – दिवा चुकला नाही. मी चाकं फिरवली आणि दिव्याला शिकवलं नाही. रेघ खोटी आहे. आणि दिव्याकडे बघू नका, हेही मीच सांगितलं. बाईंचा यात काडीचा संबंध नाही. त्यांना काढू नका.

मालक बराच वेळ पेन उघडत-मिटत बसले. "हीच गाडी राहिली होती का?"

आता बोलायचंच तर पुरतं बोलावं. म्हटलं, "नाही मालक. चार महिन्यांत एकही गाडी शिकवलेली नाही. यंत्राला हात लावलेला नाही."

ते ताडकन उठले. "एकही नाही? अहो, शंभरावर गाड्या आहेत! उद्या आणखी एखादी–"

तेव्हा मी जे म्हणालो ते इथे लिहून ठेवतो, कारण ते म्हणताना मला बरं वाटलं होतं. मी म्हणालो, "बाकी गाड्यांना चार महिन्यांत काही झालं नाही मालक. देवाची कृपा आणि हाताचं काम. चुकली ती एकच."

मालक म्हणाले, "ती मुलगी राहील. तुमचं काय करायचं ते सोमवारी बघू. उद्या सकाळी बसून एकेकाला फोन करा आणि सगळ्यांना परत बोलवा. काय सांगायचं ते तुमच्या तोंडाने सांगा."

बाहेर आलो. छातीवरून जॅक काढल्यासारखं वाटलं. माणूस खरं बोलला की देव खांद्यावर हात ठेवतो, हे खरंच आहे. शंभर फोन तर शंभर. एक चूक झाली, ती कबूल केली. सत्तावीस वर्षांत एक.

शनिवार, ३१ मे

यादी घेऊन फोनपाशी बसलो. पहिला नंबर लावणार, तेवढ्यात टॅबबाईने ते यंत्र माझ्यासमोर ठेवलं. "कोणाला बोलवायला नको, काका."

यंत्र प्रत्येक गाडीची नोंद ठेवतं. मला कुठून माहीत असणार! पडद्यावर माझ्या सगळ्या गाड्या होत्या. फेब्रुवारीपासूनच्या एकशे सहा. प्रत्येकीपुढे – चारही चाकं शिकवली. वेळ पाहिली. एक वाजून दहा. एक वाजून पंचवीस. एक वाजून पाच. आम्ही आत डबे उघडून बसतो ती वेळ. गाड्या मागच्या आवारात उभ्या असतात. घाईच्या गाड्यांपुढे दुसऱ्या वेळा – गिऱ्हाईक पैसे देत असतानाच्या.

फक्त वीस मेची एकच गाडी कोरी – नर्सबाईंची. त्या दिवशी ती वडिलांजवळ होती.

मी म्हटलं, "मला एकदा तरी सांगायचं होतं."

म्हणाली, "सांगितलं असतं, तर केलं असतंत?"

नसतं केलं.